मदत हवी आहे: आडतीवरून आलेल्या देणगीची पावती कुणाच्या नावे?

अंबाजोगाईत निराधार बायकांसाठी आमचं निवासगृह आहे, लोकांच्या देणग्यांवरच चालतं. सुगीत ज्वारी-तूर भरपूर येते, जिन्याखालीसुद्धा पोती रचलीत. लाइटबिल आणि औषधांना मात्र पैसाच लागतो.

एक गुरुजी दरवर्षी तूर देतात. धान्यावर 80जीची (देणगीदाराला आयकरात मिळणारी) सवलत नाही, 2,000 रुपयांवरच्या रोखीवरही नाही. म्हणून यंदा त्यांनी तूर आडतीवर घातली आणि आडत्याने पैसे थेट ट्रस्टच्या खात्यावर टाकले. विक्रीची हिशेबपट्टी गुरुजींच्याच नावाची आहे. शेतीचं उत्पन्न करमुक्तच, पण ते पगारावर कर भरतात, जुन्या करप्रणालीत. आमची 80जी नोंदणी चालू आहे. दोन सीएंनी दोन उत्तरं दिली. मनापासून देणाऱ्याचा हक्क बुडू नये, एवढंच वाटतं.

पट्टी जोडून पावती गुरुजींच्या नावे देता येईल, की पैसे परत करून त्यांच्या खात्यावरून घ्यावे लागतील?