मदत हवी आहे : मुंबई सिटी आणि एफसी गोवा – संघाची स्थिरता मोजायची कशी?

मंडळी, आयएसएल (इंडियन सुपर लीग, फुटबॉल) नियमित बघणाऱ्यांनी जरा हात द्यावा.

आपली मुंबई सिटी आणि एफसी गोवा या दोन संघांचा २०१९-२० ते २०२४-२५ असा तक्ता करतोय : कोच कोण, संघ किती बदलला आणि गुण किती. कोच टिकला की संघ टिकतो, असं आमच्या कट्ट्यावर ठणकावून सांगितलं जातं. तक्ता काही ते कबूल करेना.

गोव्याचंच घ्या. २०१९-२० चे साखळीतले शेवटचे तीन सामने बाकी, संघ जोरात, आणि कोच सर्जिओ लोबेराला नारळ! क्लिफर्ड मिरांडाने हंगामी सूत्रं हातात घेतली आणि हैदराबादला ४-१, आपल्याला ५-२, जमशेदपूरला ५-० असं धुतलं. (त्या ५-२ वर चर्चा नको, प्लीज.) १८ सामन्यांत ३९ गुण आणि लीग शिल्ड (साखळीत पहिला येणाऱ्याला मिळते ती). आता या मोसमाला 'अस्थिर' म्हणून लाल रंग द्यायचा का?

पुढच्या मोसमात लोबेरा मुंबईत आला. अहमद जाहू, मुर्तदा फॉल, ह्युगो बुमूस, मंदार राव देसाई हे खेळाडूही गोवा सोडून इकडेच. शिल्ड आणि चषक (बाद फेरी जिंकणाऱ्याचा) दोन्ही आपल्याकडे आले. तरी हुआन फेरँडोच्या हाताखाली गोवा उपांत्य फेरीपर्यंत पोचलाच, आणि आपल्याशीच पेनल्टींवर हरला. मग डिसेंबर २०२१ मध्ये फेरँडो भर मोसमात एटीके मोहन बागानला गेला. डेरिक परेरांनी संघ सांभाळला, पण २० सामन्यांत १९ गुण, नववा क्रमांक. इथे दोष कोच जाण्याचा की आधीच विरळ झालेल्या संघाचा?

मुंबईचं तर सगळं उलटंच. नोव्हेंबर २०२३ मध्ये कोच डेस बकिंगहॅम इंग्लंडच्या ऑक्सफर्ड युनायटेडला गेला, पीटर क्रात्की आला, आणि त्याच मोसमात २२ सामन्यांत ४७ गुण, वर कोलकात्याच्या सॉल्ट लेक मैदानावर मोहन बागानला ३-१ हरवून चषक. २०२४-२५ मध्ये तोच कोच पूर्ण मोसम होता, तर २४ सामन्यांत ३६ गुण, कसाबसा सहावा नंबर आणि बाद फेरीत बंगळुरूकडून ५-०.

तर कोचच्या रकान्याला किती वजन द्यायचं? हंगामी कोच वेगळा मोजायचा का? आणि संघबांधणी आकड्यात कशी पकडायची? 'किती नवे खेळाडू घेतले' हे मोजून पाहिलं, पण राखीव गोलकीपर आणि कर्णधार दोघेही त्यात एकच धरले जातात.

प्रतिसाद १ :
माणसं मोजू नका, मिनिटं मोजा. आदल्या मोसमात खेळली गेलेली एकूण मिनिटं घ्या आणि त्यातली किती टक्के मिनिटं खेळलेले खेळाडू यंदाही संघात आहेत ते काढा. २०२४ च्या उन्हाळ्यात आपला कर्णधार राहुल भेके, नोगेरा आणि परेरा दियाझ तिघेही बंगळुरूला गेले, आपुइया मोहन बागानला. नावं चारच, पण बचाव, मधली फळी आणि आक्रमण तिन्हीकडे भगदाड पडलं. क्रात्की काय जादू करणार होता?

दुसरं, कोचच्या नावाशेजारी 'कोच कुणी निवडला' असा रकाना करा. बकिंगहॅम आणि क्रात्की दोघेही मेलबर्न सिटीतून आलेले, म्हणजे एकाच सिटी फुटबॉल ग्रुपच्या घरातले (तेव्हा मुंबई सिटीही याच ग्रुपकडे होती). त्यामुळे माणूस बदलला तरी सरावाची आणि खेळण्याची पद्धत फारशी बदलली नाही. हंगामी कोचलाही हीच कसोटी लावा. मिरांडा तर गोव्याच्याच प्रशिक्षकांपैकी. मला विचाराल तर त्या मोसमाला लाल रंग नको.

प्रतिसाद २ :
वरच्याला अनुमोदन, पण भारतीय आणि परदेशी खेळाडूंची मिनिटं वेगळी काढा. २०२१-२२ पासून मैदानावर एका वेळी पाचऐवजी चारच परदेशी खेळवता येतात. त्यामुळे त्या वर्षी परदेशी मिनिटं सगळ्याच संघांची घटलेली दिसणार, त्यात गोव्याला उगाच दोष नको. तसेही परदेशी खेळाडूंचे करार बहुधा वर्ष-दोन वर्षांचे, ते जाणारच. घडी मोडते ती भारतीय खेळाडू गेले की. मंदार गोव्याचा पोरगा, लीगच्या पहिल्या मोसमापासून तिथे होता. तो गेला हे मी परदेशी फॉल गेल्यापेक्षा मोठं धरीन.

आणि गुण नुसते लावू नका. साखळीचे सामने २०२४-२५ पर्यंत १८ वरून २४ वर गेले, प्रतिसामना गुण काढा.

धागाकर्ता :
दोघांचे आभार. प्रतिसामना काढलं तर मुंबई २.१४ वरून थेट १.५० वर आली, आकडा बघूनच पोटात गोळा आला. मिनिटांचा रकाना आजच भरायला घेतो. एकच शंका : जो संघात राहिला पण दुखापतीमुळे मोसमभर बाहेर बसला, त्याची मिनिटं 'टिकली' धरायची की 'गेली'?