मदत हवी आहे: दोन्ही डोळे एकाच बाजूला असलेला मासा, ओळख तातडीने पाहिजे

गोदाकाठ_नांदेड: म्युझियममधल्या बरणीची चिठ्ठी गळून पडलीय. मासा चपटा, दोन्ही डोळे एकाच बाजूला. परवा सबमिशन आहे. जात कोणती, राहतो कुठं, डोळे असे कामून? शोधलं की नुसते रेसिपीचे व्हिडिओ यायलेत.

परभणीकर: पापलेट असेल.

कोकणकन्या_लातूर: पापलेट नाही हो! तो उभा पोहतो, दोन्हीकडे एकेक डोळा. हा लेप. साल ओढून काढायचं, हळद-मीठ-तिखट लावायचं, रव्यात घोळवून तव्यावर.

गोदाकाठ_नांदेड: ताई, फॉर्मलिनमधला (नमुना टिकवायच्या रसायनातला) आहे. खायचा नाही.

प्राणिशास्त्र_अंबाजोगाई: लांबी किती? डोळे डावीकडे की उजवीकडे? डोळ्यांची बाजू वर आणि पोट तुमच्याकडे करून ट्रेमध्ये ठेवा. तोंड डावीकडे आलं तर डावा. शेपटीचा पर सुटा आहे का? रंगावर जाऊ नका, फॉर्मलिनमध्ये उडतो.

परभणीकर: चपट्या माशांचे डोळे डावीकडेच असतात, त्यात काय बघायचं?

प्राणिशास्त्र_अंबाजोगाई: चूक. सोलिडी या चपट्या माशांच्या कुळात उजवीकडे असतात. भाकस या चपट्या माशात तर दोन्ही प्रकार सापडतात.

शेततळं_जालना: याचं बीज कुठं मिळंल?

गोदाकाठ_नांदेड: १५ सेंमीच्या आसपास. तोंड डावीकडे आलं. शेपटी सुटी नाही, वरचा-खालचा पर मिळून टोक झालंय. छातीचे पर दिसत नाहीत.

प्राणिशास्त्र_अंबाजोगाई: हे आधी सांगायचं ना! मग सायनोग्लॉसस, म्हणजे लेप माशांचा वंश. मलबार सोल याच वंशातला, पण नुसत्या लांबीवरून जात लिहू नका; डोळ्यांच्या बाजूच्या पार्श्वरेषा (अंगावरून लांबीच्या दिशेने जाणाऱ्या बारीक रेषा) मोजा. पिल्लू जन्मतः इतर माशांसारखंच असतं, उभं पोहतं, दोन्हीकडे एकेक डोळा. वाढताना उजवा डोळा डोक्यावरून डावीकडे सरकतो, मग मासा आंधळ्या बाजूवर आडवा होतो. उथळ समुद्रात चिखल-वाळूच्या तळाशी राहतो, तिथलेच किडे आणि बारीक कवचधारी खातो. मलबार सोल पावसाळा सरताना केरळ-कर्नाटकच्या किनाऱ्याजवळ थव्याने येतो.

जालनावाले दादा, हा खाऱ्या पाण्यातला. शेततळ्यात रोहू-कटलाच बरे.

गोदाकाठ_नांदेड: सर, बरणी उघडली की डोळे चुरचुरायलेत, रेषा मोजू कशा?

प्राणिशास्त्र_अंबाजोगाई: हातमोजे घाला, खिडक्या उघडा. मासा रात्रभर साध्या पाण्यात ठेवा, एकदोनदा पाणी बदला. सकाळी भिंगाखाली मोजा आणि डोळ्यांच्या बाजूचा फोटो इथं टाका.