लाइनमन, टॅकल, गार्ड: नेमका अर्थ काय?

निवांत
आर्ट शेल नावाच्या अमेरिकन फुटबॉलपटूबद्दल वाचत होतो, त्यात त्याला 'लाइनमन' म्हटलंय. आपल्याकडे लाइनमन म्हणजे खांबावर चढणारा वीज मंडळाचा माणूस, नाहीतर झेंडा घेऊन मैदानाच्या कडेने पळणारा. इथे काय अर्थ घ्यायचा? आणि 'लेफ्ट टॅकल' म्हणजे डावीकडून टॅकल मारणारा का?

ओकलंडकर
झेंडेवाला तो लाइन्समन, त्यात एक 'स' जास्त आहे :) अमेरिकन फुटबॉलमधे डाव सुरू व्हायच्या आधी दोन्ही टीमचे धिप्पाड लोक समोरासमोर वाकून बसलेले दिसतात ना, ते लाइनमन. बॉल ज्यांच्याकडे असतो त्यांचे पाच, मधे सेंटर, त्याच्या दोन बाजूंना गार्ड आणि गार्डच्या बाहेर टॅकल. गंमत म्हणजे हा टॅकल टॅकल करतच नाही, म्हणजे बॉल घेऊन पळणाऱ्याला पाडत नाही, त्याचं काम ब्लॉक करायचं, म्हणजे समोरच्याला अडवून, रेटून वाट मोकळी करायची, आणि तेही धरून न ठेवता, धरलं की होल्डिंग, 10 यार्डांचा दंड. बॉल तर वर्षानुवर्षं हातात येत नाही, म्हणून यांचे आकडे कुठे छापून येत नाहीत. शेल 1968 ते 1982 रेडर्स या टीमकडून 207 मॅच खेळला, पण त्याची सगळ्यात भारी मॅच सांगायची तर दुसऱ्याचा आकडा सांगावा लागतो. जानेवारी 1977 चा सुपर बोल, म्हणजे सीझनची फायनल, शेलच्या समोर मिनेसोटा टीमचा जिम मार्शल, त्याच्या नावावर त्या दिवशी एकही टॅकल नाही! रेडर्स डावीकडून शेल आणि त्याच्या शेजारचा गार्ड जीन अपशॉ यांच्या मागून पळत राहिले, 266 यार्ड पळून काढले आणि 32-14 ने जिंकले.

मिरजकर
लेफ्ट टॅकल म्हणजेच ब्लाइंड साइड सांभाळणारा ना? क्वार्टरबॅकच्या, म्हणजे बॉल फेकणाऱ्याच्या, पाठीमागची बाजू?

ओकलंडकर
क्वार्टरबॅक उजव्या हाताने फेकणारा असेल तर. त्या मॅचचा रेडर्सचा क्वार्टरबॅक केन स्टेबलर डावखुरा होता, त्याची पाठ उजवीकडे. त्यामुळे शेलला सरसकट ब्लाइंड साइडवाला म्हणू नका, हे अमेरिकन लोकही विसरतात.

शब्दवेडी
मराठीत 'फळी' आहे की! बचावफळी, मधली फळी आपण रोज वाचतो. आक्रमण करणाऱ्यांची पुढची फळी, आणि टॅकलला टॅकलच राहू द्या. 'अडवणूककार' वगैरे कोणी काढलंच तर मी इथून उठून जाईन.

निवांत
फळी आवडलं. अजून एक, तो नंतर कोच झाला तर 'आधुनिक काळातला पहिला कृष्णवर्णीय हेड कोच' असं लिहिलंय. 'आधुनिक' कशाला घुसडलंय?

ओकलंडकर
तो शब्द काढला तर वाक्य चुकेल. फ्रिट्झ पोलार्ड 1921 मधे अ‍ॅक्रन टीमचा कोच होता, तोही कृष्णवर्णीय. त्यानंतर थेट ऑक्टोबर 1989 मधे शेल, मधल्या 68 वर्षांत दुसरं कोणीच नाही, तेव्हा 'आधुनिक' या शब्दाखाली बरंच काही झाकलं जातं असं माझं मत. बाकी 'कोच' म्हणताना कुठला ते बघा. शेल आधी फक्त लाइनचा कोच होता, 1983 पासून, मग तेव्हाचा हेड कोच माइक शॅनहनला काढून रेडर्सचा मालक अल डेव्हिसने शेलला हेड कोच केलं, म्हणजे मुख्य प्रशिक्षक. 1990 मधे 12 जिंकून 4 हरला, आणि त्याच सीझनच्या सेमीफायनलसारख्या मॅचमधे बफेलोकडून 51-3 असा मार खाल्ला. 1994 नंतर हकालपट्टी, मग कॅन्सस सिटी नि अटलांटाकडे पुन्हा लाइनचा कोच.

मिरजकर
म्हणजे मुख्य प्रशिक्षकाचा परत फळीचा प्रशिक्षक? आपल्याकडे कोणी असं खाली उतरत नाही राव.

ओकलंडकर
तिकडे त्यात कमीपणा मानत नाहीत. 2006 मधे डेव्हिसने त्याला परत हेड कोच म्हणून बोलावलंही, पण 2 जिंकले, 14 हरले, एका वर्षात गेला. त्या वर्षाबद्दल रेडर्सच्या माणसाला विचारू नका, मलापण नको.