झिजलेला पाव आणा की त्याच काळातला खोटा पैसा? ओळखण्यासाठी मदत हवी आहे

जाणकारांना नमस्कार.

साताऱ्यातील आमच्या जुन्या घराची माडी उतरवताना आजीच्या पितळी डब्यात तांब्याची अकरा नाणी निघाली. त्यांपैकी पाच शिवराया आहेत. 'श्री राजा शिव' आणि 'छत्रपति' ही अक्षरे अर्धीमुर्धी का होईना, लागतात. दोन नाण्यांवर तराजू असून पारड्यांच्या मध्ये फारसी लिपीतील 'अदल' दिसते, म्हणजे ती मुंबई इलाख्याची असावीत. माझा प्रश्न उरलेल्या चार नाण्यांविषयी आहे.

त्यांवर एका बाजूस सिंहांसह ईस्ट इंडिया कंपनीचे चिन्ह व १८३५ हे साल आहे, तर दुसऱ्या बाजूस पानांच्या माळेत इंग्रजीत 'वन क्वार्टर अ‍ॅना' (पाव आणा, म्हणजे त्या वेळचा एक पैसा) असे मूल्य आहे. या पैशाचे ठरलेले वजन १०० ग्रेन, म्हणजे सुमारे ६.४८ ग्रॅम होते. सराफाच्या काट्यावर तीन नाणी ६.१ ते ६.३ ग्रॅमच्या दरम्यान भरली. चौथे मात्र ५.२ ग्रॅमच भरले.

हे वजन झिजेने घटले असे मानावे, तर एक अडचण येते. हाताळून झिजलेल्या नाण्यावर सिंहांच्या अंगांसारखे उंच भाग आधी पुसले जातात आणि खोलगट जागेतील बारीक रेषा टिकतात. पहिल्या तिन्हींवर तसेच झाले आहे. चौथ्यावर मात्र उंच आणि खोल सगळेच सारखे बोथट आहे, व्यास जवळजवळ एक मिलिमीटरने कमी आहे आणि कडेवर एके ठिकाणी कानशीने घासल्यासारखा पट्टा आहे. खऱ्या नाण्यावरून साचा घेऊन ओतलेली नक्कल धातू निवताना आकसते, म्हणून हा त्या वेळी चलनात खपवलेला ओतीव खोटा पैसा असावा, असा मला दाट संशय आहे. पाण्यात तोलून काढलेली घनताही ८.३ आली, शुद्ध तांब्याची ती ८.९ च्या आसपास असते.

माझ्या हातून एक चूक झाली, तीही सांगितली पाहिजे. शिवराया नीट वाचता याव्यात म्हणून मी अकराही नाणी चिंचेने घासली. त्यामुळे चौथ्या नाण्यावरचे बारीक खड्डे ओतकामात राहिलेले आहेत की गंजाचे होते आणि आंबटाने उघडे पडले, हे आता मला ठरवता येत नाही.

असे खड्डे भिंगाखाली वेगळे कसे ओळखावेत? पितळ किंवा जस्त मिसळलेले ओतकाम असेल, तर नाणे न खरवडता ते कशावरून कळेल? मला ही नाणी विकायची नाहीत; प्रत्येकासोबत त्याची खरी माहिती लिहून ठेवायची आहे, आणि चौथे नाणे खोटे ठरले तरी ते त्याच डब्यात राहणार आहे.