मदत हवी आहे: रोज कमरेला बाळगायला .३२ रिव्हॉल्व्हर कोणतं घ्यावं?

कापूसपट्टा: नमस्कार मंडळी. .३२ बोरचा परवाना मंजूर झालाय, आता खरेदी करायची आहे. हंगामात जालना, परतूर, सेलू असं फिरणं, जवळ रोकड, निम्मा प्रवास मोटारसायकलवर. अंगात पातळ सुती शर्ट, बाहेर सोडलेला. निर्भीक, कानपूरचंच मार्क ३ आणि प्रबल, ही तीन डोक्यात आहेत. वजन कमी म्हणून निर्भीक घ्यावं का? खिशात ठेवलं तर चालेल का?

गोदाकाठ: भाऊ, तिन्हींचं काडतूस एकच, .३२ स्मिथ अँड वेसन लाँग. नळीही तीन इंचांच्या आसपास, म्हणजे माऱ्यात फार फरक नाही. फरक आहे वजनात आणि उघडण्यात. निर्भीक टायटॅनियम मिश्रधातूचं, रिकामं अर्धा किलोच्या आसपास. बाकी दोन साधारण ७०० ग्रॅमची. या काडतुसाचा धक्का मुळातच सौम्य, त्यामुळे हलक्या हत्यारानेही हात उडत नाही. अडचण चापाची आहे. घोडा न चढवता बार काढायचा तर चाप चांगलाच जड लागतो आणि त्या ओढीबरोबर हलकं हत्यार डुलतं. दुकानदाराची परवानगी घेऊन, सिलिंडरमधली काडतुसांची सहाही घरं रिकामी असल्याचं बघून, डमी काडतुसांवर चाप सावकाश ओढून बघा आणि नजर पुढच्या माशीवर, म्हणजे नळीच्या टोकावरच्या नेमाच्या खुणेवर ठेवा. माशी ज्यात कमी हलते ते तुमचं.

निर्भीक आणि मार्क ३ वेब्ली या जुन्या ब्रिटिश रिव्हॉल्व्हरच्या घराण्यातली, मधून मोडून उघडणारी. ती हळूहळू उघडली की काडतुसाची रिकामी केस एक्स्ट्रॅक्टरच्या (केसा बाहेर ढकलणाऱ्या भागाच्या) चांदणीखाली सरकते आणि हत्यार मिटतच नाही. थोडं आडवं धरून एका झटक्यात पूर्ण उघडायचं. २०२३ मध्ये आलेल्या प्रबलचं सिलिंडर बाजूला निघतं. त्यात नळी वर करून केसा बाहेर ढकलणारी दांडी दाबायची, नाहीतर न जळलेली दारू चांदणीखाली साचते आणि सिलिंडर जड फिरतं.

बालाघाट: मॉडेलइतकाच विचार होल्स्टर आणि पट्ट्याचा करा. इलॅस्टिकचं कापडी होल्स्टर घेऊच नका. त्यात बाहेरून चाप दाबला जाऊ शकतो आणि हत्यार काढलं की तोंड मिटतं. जाड चामड्याचं, चापाभोवतीची कडी पूर्ण झाकणारं, रिकामं असतानाही तोंड उघडं राहणारं हवं. पट्टा दीड इंच रुंद आणि दुपदरी. साधा पट्टा वजनाने पिळतो आणि मूठ बाहेर कलते. शर्टाखालून आधी उठून दिसते ती मूठच, सिलिंडर नाही.

जागा उजव्या कुल्ह्याच्या हाडामागे, मूठ किंचित पुढे झुकलेली. पाठीवर मधोमध अजिबात नको. गाडी घसरली तर कण्याखाली लोखंड येतं. खिसा मोटारसायकलवाल्याच्या कामाचा नाही, बसल्यावर हत्यार निघतच नाही. तरी ठेवायचंच झालं तर खिशाच्या होल्स्टरमध्ये, आणि त्या खिशात किल्ली-नाणं काहीही नको.

आपल्याकडच्या एप्रिल-मेच्या घामात मीठ असतं, ते रात्रभरात गंज धरवतं. घरी आलं की रिकामं करून पुसा, तेलाचा हलका हात फिरवा आणि होल्स्टरबाहेर कुलपात ठेवा; चामडं ओल धरतं. काडतुसांना मात्र तेल नको. ते टोपीच्या (काडतुसाच्या बुडाची, घोडा जिच्यावर आपटतो ती) कडेने आत झिरपतं आणि ऐनवेळी बार फुसका जातो.

तेरणा: कायद्याचं थोडक्यात. शस्त्र नियम २०१६ प्रमाणे सार्वजनिक ठिकाणी हँडगन होल्स्टरमध्येच हवी, उघडी दाखवायची नाही. लग्न-वरातीत बार काढला तर २०१९ च्या दुरुस्तीनुसार दोन वर्षांपर्यंत कैद, एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही. बीडमध्ये २०२५ मध्ये कितीतरी परवाने रद्द झाले, हे ध्यानात ठेवा. परवाना कुठल्या क्षेत्रापुरता आहे, तेही त्यावर वाचून घ्या.

कापूसपट्टा: मनापासून आभार. एक जुनं विलायती रिव्हॉल्व्हर स्वस्तात मिळतंय, बघू का?

गोदाकाठ: शस्त्रकारागिराला दाखवल्याशिवाय नको. जुन्या कित्येक हत्यारांत घोडा अडवणारी पट्टी नसते. घोड्यावर आपटलं की बार उडतो, म्हणून घोड्याखालचं घर रिकामं ठेवावं लागतं. सहाची पाचच राहतात. शिवाय रोज मोटारसायकलवर हादरे बसणार. तुम्ही नवीनच घ्या.