दहा वर्षांचा व्हिसा म्हणजे दहा वर्षं मुक्काम नव्हे

एडिसनची_माई:
परवा 'डॅलसवाला' यांनी सगळ्यांना बिनधास्त सांगून टाकलं, की आईबाबांना अमेरिकेचा बी-२, म्हणजे भेटीचा व्हिसा, दहा वर्षांचा मिळालाय ना, मग सहा महिने इथे ठेवा, महिनाभर घरी पाठवा, परत सहा महिने आणा, मधल्या गॅपचा कुठेही नियम नाही. उत्तर लिहायला घेतलं ते लांबत गेलं म्हणून वेगळा धागा काढतेय. नियम लिहिलेला नाही, मान्य. पण व्हिसा तुम्हाला फक्त विमानतळाच्या काउंटरपर्यंत आणतो. किती दिवस राहायचं ते आय-९४ वर, म्हणजे प्रवेशाच्या नोंदीवर, ठरतं आणि ती तारीख तिथला ऑफिसर टाकतो. बहुतेक वेळा सहा महिने मिळतात, पण बाई भेटायला नाही तर राहायलाच येतेय असं त्याला वाटलं तर तो तिथूनच परत पाठवू शकतो, व्हिसाही रद्द करू शकतो. माझ्या सासूबाईंना अशाच थोड्या गॅपनंतर न्यूअर्कला आतल्या खोलीत नेऊन बसवलं. मधुमेह, एवढा प्रवास, इंग्रजी जेमतेम, आणि आम्ही बाहेर फोन हातात धरून उभे. काय विचारलं, तर नातवाला कोण सांभाळतं. सोडलं शेवटी, पण त्यानंतर त्यांनी इकडे यायचं नाव काढलेलं नाही. सल्ले आपण द्यायचे आणि काउंटरवर जाब त्यांनी द्यायचा, हे मला पटत नाही.

डॅलसवाला:
ताई, तुमच्या सासूबाईंना त्रास झाला, वाईट वाटलं. पण एका प्रसंगावरून सगळ्यांना घाबरवू नका. माझे आईवडील कित्येक वर्षं असेच येताहेत, कोणी काही विचारलं नाही. 'जितके दिवस आत तितके दिवस बाहेर' असं जे लोक म्हणतात ते कुठल्या कलमात आहे ते दाखवा, मी गप्प बसतो. आणि आम्ही करायचं काय? मी नोकरीच्या एच-१बी व्हिसावर आहे, ग्रीन कार्डची रांग हलत नाही, सिटिझन झाल्याशिवाय पालकांना स्पॉन्सर करता येत नाही. आईचं गुडघ्याचं ऑपरेशन झालंय, बाबांना धड चहा करता येत नाही, त्यांना नाशिकला दुसऱ्या मजल्यावर सोडून देऊ?

मिसिसागाकर:
म्हणून म्हणतो कॅनडा बरा. तिथे पालकांसाठीच्या सुपर व्हिसावर जुलै २०२२ पासून एका खेपेला पाच वर्षं राहता येतं, आधी दोन होती. बरंचसं कागदावर, ऑफिसरच्या मूडवर कमी.

एडिसनची_माई:
विम्याचं पण सांगा की. किमान एक लाख कॅनेडियन डॉलरचा मेडिकल विमा, शिवाय मुलाच्या उत्पन्नाची अट. सत्तरीच्या बीपीवाल्या माणसाचा हप्ता किती येतो ते लिहा.

मिसिसागाकर:
येतो जास्त. भरतो आम्ही. आईवडील आहेत.

साताऱ्याची_लेक:
मूळ मुद्दा कोणीच बोलत नाहीये. सहा-सहा महिने कशाला हवेत आईबाबा? डेकेअर परवडत नाही म्हणून. बाळंतपणाला आई, आई परत गेली की सासू, आणि त्याला नाव 'त्यांना करमत नाही तिकडे'. माझ्या मावशीने दोन नातवंडं अशीच वाढवली. दिवसभर बंद घरात, बाहेर चालत जावं तर फूटपाथ नाही. ऑफिसर तो प्रश्न विचारतो त्यात त्याचं काय चुकलं?

डॅलसवाला:
हद्द झाली. आजीने नातू सांभाळला म्हणजे नोकरी केली? आमच्या घरात येऊन बघितलंत का तुम्ही? माझी आई मुलाला रोज रामरक्षा शिकवते, तिच्या चेहऱ्यावरचा आनंद कोणी मोजायचा?

साताऱ्याची_लेक:
नोकरी म्हटलंच नाही मी. रोज दहा तास कामावर ठेवायचं आणि त्याला माया म्हणायचं, एवढंच म्हणतेय. झोंबलं असेल तर झोंबू दे.

सांगलीचे_मास्तर:
पोरांनो, भांडू नका. त्या काउंटरवर उभा राहणारा म्हातारा मीच. नातवंडं सांभाळायला मला आवडतं, त्यात कमीपणा नाही. पण आम्हाला किती राहायचंय हे आधी विचारत जा. आमच्या हिला सहा महिने कमी पडतात, मला तीनच पुरे. नोव्हेंबर आला की हयातीच्या दाखल्याची काळजी. आता मोबाईलवर चेहरा दाखवून होतो म्हणतात, तरी बँकेत जाऊन आल्याशिवाय मला झोप लागत नाही. घरपट्टी आहे, नळाचं बिल आहे, चार मित्र आहेत, त्यातला एखादा दरवर्षी कमी होतोय.

मोरजीकार:
माझा मुद्दा वेगळा. आपल्याकडे पाच वर्षांच्या ई-टुरिस्ट व्हिसावर कॅलेंडर वर्षात १८० दिवसांच्या वर राहता येत नाही, हे स्पष्ट लिहिलंय, आमच्याकडे गोव्यात येणारे रशियन पाहुणे ते तोंडपाठ सांगतात. गॅपची अटही झाली. २६/११ साठी मुंबईची टेहळणी करणाऱ्या हेडलीच्या प्रकरणानंतर २००९ च्या शेवटी दोन महिन्यांचं अंतर सक्तीचं केलं होतं, आमच्या सीझनवाल्यांचे हाल झाले, २०१२ मध्ये बहुतेक देशांसाठी ती काढली. पण होती तेव्हा लिहिलेली होती. अमेरिकेनेही एकदाचं लिहून टाकावं.

डॅलसवाला:
हेच म्हणतोय मी पहिल्यापासून! लिहा, आम्ही पाळू. तोवर मध्ये मेक्सिकोला चार दिवस नेऊन आणलं तरी नवीन सहा महिने मिळतात, ऑफिसमधल्या दोघांनी केलंय.

एडिसनची_माई:
कृपा करून हे पसरवू नका. शेजारच्या देशात जाऊन आलं म्हणून नवी मुदत मिळेलच असं नाही, जुनीच तारीख चालू ठेवू शकतात. तुमच्या ऑफिसमधले दोघे तरुण की पासष्टीच्या पुढचे? मास्तरांचं वाचलंत का? आईला विचारलंत का एकदा, की परत त्या रांगेत उभं राहायची तिची तयारी आहे का?

डॅलसवाला:
विचारलं काल. बाबा लगेच हो म्हणाले, आई काहीच बोलली नाही. ठीक आहे, फेब्रुवारीचं तिकीट जूनवर टाकतो. पण नियम नाही हे माझं म्हणणं मी मागे घेत नाही.

एडिसनची_माई:
घेऊच नका. आणि जूनमध्ये आल्यावर जास्त थांबवायचं असेल तर आय-५३९, म्हणजे मुदतवाढीचा अर्ज, आय-९४ ची तारीख संपायच्या आत भरा. एक दिवस जरी ओव्हरस्टे झाला तरी तो दहा वर्षांचा व्हिसा आपोआप बाद, त्या तारखेपुढे १८० दिवसांच्या वर राहून परत गेले तर तीन वर्षं बंदी, वर्षभर किंवा जास्त झालं तर दहा. हे मात्र कलमात लिहिलेलं आहे.

डॅलसवाला:
माहीत आहे मला. जून तर जून.