मदत हवी आहे: फोटो दिसतोय, पण लोडर थांबत नाही
मंडळी, आत्याच्या पैठणीच्या दुकानाचं पान करून देतोय. 40 फोटो, प्रत्येकावर गोल फिरणारा लोडर. फोटो आला की लोडर काढायचा, एवढंच काम. पहिल्यांदा पान उघडलं की झकास. रिफ्रेश केलं की पाच-सहा फोटोंवर लोडर गरगरतच राहतो, खाली पदरावरचा मोर स्वच्छ दिसतोय तरी!

एवढं कळलं की फोटो कॅशमधून (ब्राउझरने आधीच जपून ठेवलेली प्रत) लगेच येतो, स्क्रिप्ट पानाच्या तळाशी आहे, म्हणजे 'लोड' इव्हेंट (फोटो आल्याची ब्राउझरची सूचना) होऊन गेल्यावर माझा लिसनर (ती सूचना ऐकणारा कोड) लागतो. वरात गेल्यावर मांडवात पोचल्यासारखं. म्हणून आधी फोटोचं 'कम्प्लीट' (फोटो आणायचं काम संपलं का, ते सांगणारी खूण) तपासायला लागलो. तर लिंक तुटलेली असली तरी तेही ट्रूच! मग जोडीला 'नॅचरलविड्थ' (फोटोची मूळ रुंदी) शून्यापेक्षा मोठी आहे का ते बघतो. जेपीजीचं भागलं. पण लोगो एसव्हीजी (रेषा-आकारांच्या वर्णनातून काढलं जाणारं चित्र) आहे, त्यात रुंदी-उंची लिहिलेली नाही, आणि माझ्याकडच्या जुन्या फायरफॉक्समध्ये तिथे शून्य मिळतं. म्हणजे चांगला लोगो तुटका ठरतो.

(लोडर फिरताना फोटोला 'डिस्प्ले नन' देत होतो, म्हणजे पानावरून पूर्ण लपवत होतो. 'लेझी' (फोटो नजरेच्या टप्प्यात आला की मगच मागवायचा) लावल्यावर फोटो मागवलाच जाईना. त्याऐवजी ऑपॅसिटी शून्य केली (फोटो जागेवर, फक्त पारदर्शक), सुटलं. अर्धा रविवार गेला त्यात.)

आता विचारायचं ते हे: 'लोड' बबल होत नाही (फोटोकडून वर अख्ख्या पानापर्यंत जात नाही), पण डॉक्युमेंटवर कॅप्चरमध्ये (वरून खाली फोटोकडे जाताना) पकडता येतो. मग हेडमध्येच (पानाच्या कोडच्या सुरुवातीलाच) 'लोड' आणि 'एरर'चे (फोटो न आल्याची सूचना) असे दोन लिसनर लावून मोकळं व्हावं, की प्रत्येक फोटोला 'डीकोड'चं प्रॉमिस (फोटो दाखवायला तयार झाला की कळवणारी सोय) बरं? लेझी फोटोंवर 'डीकोड' कोणी वापरलंय का? सफारीचा अनुभव असेल तर आवर्जून सांगा, आत्या आयफोनवरच बघते.